चिक्कूचा गोतावळा आणि मोहाचं तेल

डहाणू, घोलवड, बोर्डीच्या वाड्यांत झाडावरून चिक्कू तोडला की देठातून पांढराशुभ्र चीक पाझरतो. बोटांना लागलेला हा चीक साबणाने सुटत नाही, उलट पसरतो. त्याला खोबरेल तेलच हवं. दोन थेंब चोळले की चीक मऊ पडतो. मग फडक्याने पुसायचा आणि साबण त्यानंतर लावायचा. फणस चिरण्याआधी विळीला आणि हातांना तेल लावतात, तेही यासाठीच. चिकातला चिवट भाग रबराच्या जातीचा असतो. त्याचं पाण्याशी पटत नाही, तेलाशी मात्र लगेच जमतं.

हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिकडे त्याचा चीक आटवून चघळत असत. न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्स यांनी आधी त्याचं रबर करून पाहिलं. ते साधलं नाही, तेव्हा त्यांनी त्यातून च्युइंग गम बनवलं आणि 1871 साली त्याचं पेटंट घेतलं. डहाणू-घोलवडच्या चिक्कूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते फळाच्या गोडीसाठी, पण मला त्या चिकाचंही तेवढंच नवल वाटतं.

त्याहून मोठं नवल चिक्कूच्या नात्यागोत्यात आहे. त्याच्या कुळाला वनस्पतीशास्त्रात सॅपोटेसी म्हणतात. महागड्या क्रीमच्या डब्यांवर ज्याचं नाव झळकतं ते शी बटर पश्चिम आफ्रिकेतल्या ज्या झाडाच्या बियांतून निघतं, ते याच कुळातलं. केसांसाठी चढ्या भावाने विकलं जाणारं मोरोक्कोचं आर्गन तेलही याच कुळातलं. सुकली तरी वास न सोडणारी आपली बकुळ यांच्याच नात्यातली. आणि किनाऱ्याकडून पूर्वेला, तलासरीच्या डोंगराळ भागाकडे वळलं की भेटणारा मोहसुद्धा! चिक्कूची कलमं तर याच कुळातल्या रायणीच्या खुंटावर बांधतात. परदेशातून आलेल्या झाडाला इथल्या भावकीने अक्षरशः मुळं दिली.

मोहाची फुलं सगळ्यांना माहीत असतात. बियांकडे फारसं लक्ष जात नाही. फुलांचा बहर सरल्यावर फळं पिकतात. त्यांतल्या बिया वाळवून, फोडून गाभा घाण्यावर काढला की पिवळसर तेल मिळतं. आदिवासी घरांत ते स्वयंपाकाला, दिव्याला आणि अंगाला लावायला पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं आहे. थंडीत हे तेल थिजतं, कारण त्यात घट्ट स्वभावाची मेदाम्लं भरपूर असतात. त्यांच्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. त्वचेच्या उबेने तेल पातळ होतं, पसरतं आणि वर पातळसा थर धरतं. त्या थरामुळे त्वचेतलं पाणी चटकन उडून जात नाही. कोकणात टाचांच्या भेगांना कोकमाचं मुठेल लावतात, त्यामागचं कारणही हेच.

घरी करून पाहायचं असेल तर चार चमचे मोहाच्या तेलात एक चमचा मधमाश्यांचं मेण घाला. वाटी उकळत्या पाण्यात धरून मेण वितळवा आणि मिश्रण छोट्या डबीत ओता. निवलं की ओठांना आणि टाचांना लावायचं मलम तयार. आधी मनगटावर लावून एक दिवस वाट पाहावी, कारण घरचं म्हणजे सगळ्यांना मानवेलच असं नाही. डबी उन्हापासून दूर ठेवावी, नाहीतर तेल खवट होतं.

 

आता निसर्गाची खरी करामत. तेल काढल्यावर मोहाची जी पेंड उरते तिच्यात सॅपोनिन असतं. रिठ्याला फेस आणणारं द्रव्य ते हेच. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, म्हणून तेलकटपणा पाण्याबरोबर निघून जातो. तामिळनाडूत ही पेंड दळून केस धुण्यासाठी विकतात. म्हणजे एकाच बीमध्ये केसांना लावायचं तेल आहे आणि ते धुऊन काढायचा साबणही! मात्र ही पेंड डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि तिचं पाणी ओढ्यात सोडू नये. हेच सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांतून रक्तात शिरून तांबड्या पेशी फोडतं. म्हणून मत्स्यशेतीत नवं बीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारायला हीच पेंड टाकतात.