परत आलेली मजुरी

दरमहा बँकेंतून आपोआप जाणारा हप्ता एखाद्या वेळीं फिरला, तर शहरांतील गृहस्थास फोनवरचा संदेश तत्काळ सावध करतो. गोंदिया जिल्ह्यांतील रोजगार हमीच्या मजुराची मजुरी अशीच फिरली, तर त्याला ती गोष्ट कळावयास पुष्कळदां आठवडे लागत.

धानाची कापणी आटोपली कीं या जिल्ह्यांत मामा तलावांतील गाळ काढण्याचीं व रस्त्यांचीं कामें निघत. 2005चा रोजगार हमी कायदा 2 फेब्रुवारी 2006 पासून ज्या पहिल्या 200 जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत गोंदिया होता. डिसेंबर 2025 मध्यें संसदेनें त्याच्या जागीं नवा कायदा मंजूर केला. येथील विवेचन जुन्या कायद्याखालील व्यवहाराचें आहे.

आठवड्याचा हजेरीपट बंद झाला कीं कामाचें मोजमाप होई, त्यावरून संगणकांत मजुरीची यादी तयार होई, निधि हस्तांतरणाच्या आदेशावर दोन अधिकाऱ्यांच्या डिजिटल सह्या होत आणि रक्कम परस्पर मजुराच्या खात्याकडे निघे. हजेरीपट संपल्यापासून 15 दिवसांत ती पोंचावी असा दंडक होता. हें चक्र फिरत राहणारें असल्यामुळें एका चुकीचा गुणाकार होई. खातें बंद असलें तर बँक रक्कम नाकारी. पण मूळ नोंद कोणी दुरुस्त केली नाहीं, तर पुढल्या आठवड्याचा आदेशही तोच खातेक्रमांक घेऊन निघे, आणि तसाच परते.

नोंद चुकण्यांत मजुराचा दोष असेच असें नाहीं. 1 एप्रिल 2020 रोजीं सार्वजनिक क्षेत्रांतील दहा बँकांच्या चार झाल्या. मागाहून विलीन झालेल्या बँकांच्या शाखांचे संकेतांक बदलले. पुढें 1 जानेवारी 2024 पासून आधारवर आधारलेली मजुरी सक्तीची झाली. या पद्धतींत आधार ज्या बँकेशीं सर्वांत शेवटीं जोडला असेल, तेथील खात्यांत पैसे जातात. मजुरानें मध्यंतरीं दुसरीकडे खातें उघडून आधार दिला असेल, तर तो जुनें पासबुक घेऊन रांगेंत उभा राही आणि पैसे दुसऱ्याच बँकेंत पडून असत! ही नाकारलेली मजुरी नव्हे. हिच्यासाठीं नवा आदेश मागणें व्यर्थ होय.

म्हणून प्रथम पाहावयाचें तें हें, कीं आदेश नाकारला गेला आहे, कीं अद्याप वाटेंत आहे. वाटेंत असतां दुसरा काढल्यास मजुरी दोनदां जाण्याचा संभव. खरोखर नाकारला असेल तर कारण वाचावें, मूळ नोंद सुधारावी, आणि मगच त्याच रकमेचा आदेश पुन्हा काढावा. पुष्कळ ठिकाणीं हा क्रम उलटा होतो: आधीं पुन्हा पाठविणें, मग विचार. शिवाय नकाराचें कारण दिसे तें कार्यालयांतील संगणकावर. तें ग्रामरोजगार सेवकानें मजुरापर्यंत नेलें नाहीं, तर बँकेंत जाऊन काय दुरुस्त करावयाचें हेंच त्याला ठाऊक नसे.

विलंबाची भरपाई कायद्यांत होती: सोळाव्या दिवसापासून दररोज 0.05 टक्के. 2025-26 मध्यें महाराष्ट्रांतील दर 312 रुपये होता. सहा दिवसांचे 1,872 रुपये, त्यांवर दिवसाला सुमारें 94 पैसे. आंतील खेड्यांतून बँकेच्या गांवीं जाऊन येण्याचें एसटीचें भाडें तेवढ्यांत पंधरवड्यानेंही निघणें कठीण.