साखर घटवावी कशी?

आपल्या खानदेशात गोडाला मान मोठा. सोयरीक जमली, तोंड गोड करा. पोरगी पास झाली, पेढा आणा. आखाजीला लेक माहेरी आली की खापरावरची पुरणपोळी आणि आमरस हवाच. यात वाईट काही नाही. जिभेला गोड आवडते ते जन्मापासून. आईचे दूधसुद्धा गोडसरच असते. म्हणून "गोड सोडा" असे कोणी सांगितले, तर ते दोन दिवस चालते. तिसऱ्या दिवशी डब्यात हात जातो.

तेव्हा गोड राहू द्या. साखर तेवढी कमी करू.

आधी हिशेब करू. चहाच्या लहान चमच्यात भरून घेतली तर सुमारे ५ ग्रॅम साखर येते. एका कपाला दोन चमचे धरा. घरी, शेतात, बाजारात, पाहुण्याकडे मिळून दिवसाचे पाच कप सहज होतात. म्हणजे १० चमचे, ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो. वर्षाला १८ किलो! ही झाली एका माणसाची, आणि तीही फक्त चहातली. घरात असे चहा पिणारे चौघे असले तर ७२ किलो. पन्नास किलोचे एक पोते संपते आणि दुसरे निम्म्याला येते.

चालते किती? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याचे माप सांगितले. मोठ्या माणसाने दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आतच राहावे; २५ ग्रॅमपर्यंत ठेवले तर जास्त चांगले. २५ ग्रॅम म्हणजे पाच चमचे. दुधातली आणि अख्ख्या फळातली मूळची गोडी यात धरलेली नाही. गूळ आणि मध मात्र धरायचे.

इथे कोणी म्हणेल, "गूळ का धरायचा? गूळ तर चांगला." गुळात थोडे लोह असते, हे खरे. पण शंभर भाग गूळ घेतला तर त्यात ऐंशीच्या आसपास भाग साखरच असते. मधाचेही तसेच. रक्तात गेल्यावर गुळाची साखर आणि दुकानची साखर यांत फारसा फरक राहत नाही. साखरेऐवजी दुप्पट गूळ घालणारा माणूस स्वतःला फसवतो.

जास्तीच्या साखरेने काय होते? दातांच्या फटीत बसलेल्या गोडावर बारीक जंतू पोसतात. ते आंबट पदार्थ तयार करतात, आणि दात किडतो. अंगाला लागते त्याहून जास्त साखर गेली की तिची चरबी होते. वजन वाढते, आणि मधुमेहाला वाट मिळते. नुसती साखर खाल्ली की लगेच मधुमेह झाला, असे नाही. घराण्यात असणे, बसून काम, वाढलेले पोट, अशी पुष्कळ कारणे आहेत. पण आता हा केवळ शहरातल्या शेठजींचा रोग राहिलेला नाही. २०२३ साली देशभराच्या पाहणीचे आकडे आले. त्यात १० कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला.

आता उपायाकडे वळू. जीभ हट्टी आहे, पण शिकवली तर शिकते. एकदम साखर तोडली की चहा कडू लागतो. म्हणून दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. महिन्यात दोन चमच्यांचा एक होतो. आणखी काही दिवसांनी गंमत होते. तोच जुना दोन चमच्यांचा चहा कोणी दिला तर तो पाकासारखा लागतो. चहात आले, वेलदोडा किंवा गवती चहाची पात घाला. वास चांगला असला की कमी गोडही पुरते. वेलदोडा आणि जायफळ यांची हीच करामत.

खरी अडचण पाहुण्याची. "काय जिभाऊ, साखर महाग झाली का?" असे कोणी म्हणेल, ही भीती. म्हणून घरात साखर कमी झाली तरी पाहुण्याच्या कपात मूठ मोकळी सुटते. माझ्या मते याला एक साधी तोड आहे. चहा बेताच्या साखरेचा करा आणि साखरेची वाटी चमच्यासह समोर ठेवा. ज्याला हवी तो घेईल. मान राहतो, आणि ज्याला साखर नको आहे पण बोलता येत नाही, तोही सुटतो. असे पाहुणे पुष्कळ असतात, बरे का.

एक प्रयोग आज जेवतानाच करून पाहा. कोरड्या भाकरीचा घास तोंडात घ्या. गिळू नका. नीट, सावकाश, पुष्कळ वेळ चावा. हळूहळू तो गोड लागू लागतो. साखर कुठून आली? भाकरीतल्या पिठूळ भागाचीच लाळेने साखर केली. केळ्यातही असेच घडते. हिरवे केळे पिठूळ असते. पिकता पिकता त्या पिठाची साखर होते. म्हणून सालीवर काळे ठिपके पडलेले केळे सर्वांत गोड.

आपल्याकडे केळीला तोटा नाही. रावेर-यावलची केळी देशभर जातात. जळगावच्या केळीच्या नावाला २०१६ साली सरकारी मानांकनही मिळाले. तरी आपण शिकरणात साखर घालतो! ठिपक्यांचे केळे घ्या, दूध घाला, वेलदोड्याची पूड टाका. साखरेची गरजच नाही. उन्हाळ्यात खरबूज आहे, थंडीत बोरे आणि पेरू आहेत. फळ मात्र चावून खावे. त्यातला चोथा साखरेला रक्तात सावकाश जाऊ देतो. रस काढला की चोथा गेला. उसाच्या रसाच्या मोठ्या पेल्यात सहा-सात चमचे साखर असते. बाटलीतल्या थंड पेयाचेही तसेच: पाव लिटरला पाच चमचे. थंड पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणून एवढी साखर कळतही नाही.

आता पुरणपोळी. ती बंद करा म्हणणारा मी कोण? पण पाहा, पुरणात डाळीइतका गूळ, त्यावर आमरस, आणि रसात पुन्हा साखर. एकाच ताटात गोडाचे तीन थर! रसात साखर घालूच नका. आंबा चांगला पिकू द्या. रस गोड आहेच, म्हणून पुरणात किलोभर डाळीला पाऊण किलो गूळ पुरतो. पुढच्या सणाला अर्ध्या किलोवर येऊन पाहा. जायफळ आणि चिमूटभर मीठ विसरू नका. मिठाने गोडी उठून दिसते.

तुम्ही आता वाचायला शिकलात. त्याचा उपयोग दुकानात करा. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय काय आहे ते छापलेले असते. जे सर्वांत जास्त, त्याचे नाव आधी. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असली तर समजून घ्या. ग्लुकोज, माल्टोज, सिरप हीही साखरेचीच नावे. मजकूर इंग्रजीत असला तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. शंभर ग्रॅममागे साखर किती, तो आकडा बघा आणि पाचाने भागा. तेवढे चमचे झाले.

एक गोष्ट जपून. ज्यांना मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी आपल्या मनाने खाणे एकदम बदलू नये. डॉक्टरांना विचारावे. त्यांनी फळेही बेतानेच खावीत. औषध तेच आणि खाणे कमी, असे झाले तर रक्तातली साखर फार खाली जाते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजावी. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालू नये. त्याला तडक दवाखान्यात न्यावे. अशा घरात साखरेचा डबा भरलेला हवा, आणि तो कुठे आहे हे मुलांनाही माहीत हवे. वय तीसच्या पुढे असेल तर सरकारी उपकेंद्रात रक्तातली साखर फुकट तपासतात. कोणत्या दिवशी जावे, ते गावातल्या आशाताईंना विचारा.