बाळ ओकतं तेव्हा

अंगावर पिऊन झाल्यावर ढेकरासोबत गालावर ओघळणारं फाटलेलं दूध म्हणजे उलटी नव्हे. वजन वाढतंय ना, मग खुशाल दुपटं बदला. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाचं दूध मात्र दर वेळी पिचकारीसारखं लांब उडत असेल आणि लगेच पुन्हा भूक लागत असेल, तर जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झालेला असू शकतो. त्यावर छोटी शस्त्रक्रिया लागते. पुढच्या वयात उलटीमागे बहुतेकदा रोटासारखे विषाणू (लस ६, १०, १४ आठवड्यांना, सरकारी दवाखान्यात मोफत); कधी डांग्या खोकला, लघवीतला जंतुसंसर्ग, डोक्याला मार. सगळंच ‘दात येताहेत’वर ढकलू नये. तान्ह्याची उलटी हिरवी दिसली तर आतड्याला पीळ पडल्याची शंका: घुटी उगाळत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.