तीन ब्राउझर, बुकमार्कांची वही एकच

घरी फायरफॉक्स, ऑफिसात एज, फोनवर क्रोम. मग ‘ती लिंक कुठे ठेवली होती बरं?’ ही शोधाशोध रोजचीच. प्रत्येक ब्राउझरचं सिंक आपल्यापुरतं चालतं, शेजाऱ्याशी बोलणं नाही. पूर्वी वेगवेगळ्या ब्राउझरांतले बुकमार्क जुळवायचं काम एक्समार्क्स करायचं, ते १ मे २०१८ला बंद झालं.

सध्या माझी भिस्त फ्लॉकस या एक्स्टेन्शनवर. मुक्त स्रोत आणि फुकट. बुकमार्क तुमच्याच गूगल ड्राइव्हवर किंवा नेक्स्टक्लाउडवर ठेवतं आणि तिथून प्रत्येक ब्राउझरशी जुळवून घेतं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, तिथे त्याचं वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं. एक पथ्य पाळा : ब्राउझरचं स्वतःचं बुकमार्क सिंक आणि फ्लॉकस एकदम चालू ठेवू नका, नाहीतर गोंधळ होतो.

पण त्याआधी बॅकअप! विंडोजवर या तिन्ही ब्राउझरांत कंट्रोल+शिफ्ट+ओ दाबलं की बुकमार्कांची यादी उघडते. तिथून एचटीएमएल फाइल एक्सपोर्ट करा. गंमत म्हणून ती नोटपॅडमध्ये उघडून बघा, पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव दिसेल. नव्वदच्या दशकातला तो ब्राउझर केव्हाच गेला, पण त्याचा साचा अजून सगळे वापरतात. (मला तर दरवेळी जुना मित्र भेटल्यासारखं वाटतं.)

फायरफॉक्समधले टॅग मात्र क्रोममध्ये जात नाहीत. म्हणून मी टॅगांच्या फंदात पडत नाही, मोजके फोल्डर करतो.

आजच एक्सपोर्ट करा, आणि फाइलच्या नावात तारीख घालायला विसरू नका.