विमानाचे पाय

कसारा घाट उतरून मुंबईकडे निघालेले ट्रक वाशिंदवरून जातात. त्यांचा बोजा पेलतो तो कमानपाटा. खड्डा आला की तो वाकतो आणि लगेच पूर्ववत होतो. हलक्या विमानाचे पाय याच कुळातले.

विमानाला पोलादी पट्टीचे पाय रुजवले ते अमेरिकेतल्या ओशकोशच्या स्टीव्ह विटमन यांनी. शर्यतीची विमानं ते स्वतः बांधत आणि स्वतःच उडवत. त्यांची ही रचना सेस्ना कंपनीने घेतली आणि 1946 च्या सेस्ना 140 वर ती आली. पुढे पट्टीऐवजी निमुळत्या सळईचे पायही आले. ना तेल, ना बिजागरी, ना रबर. त्यामुळे घरी विमान बांधणाऱ्यांनी ही पद्धत उचलून धरली.

या पायांनी किती सोसायचं? लहान विमानांच्या अमेरिकी नियमांत चाकांसह पायांच्या चाचणीसाठी 9.2 ते 18.7 इंचांवरून पाडण्याची उंची ठरलेली होती. जेमतेम गुडघाभर! पण तेवढ्या उंचीवरून पडणारी वस्तू टेकताना सेकंदाला सुमारे दोन ते तीन मीटर वेगाने खाली येत असते.

पाय बसवताना मात्र गवंड्याची हत्यारं लागतात. विमान घोडीवर चढवून पाणसळीने समतल करायचं, नाकापासून शेपटीपर्यंतची मध्यरेषा ओळंब्याने जमिनीवर उतरवायची, सूतदोरीने आखायची. दोन्ही आसांची टोकं त्या रेषेपासून सारख्या अंतरावर हवीत, चाकं तिला समांतर हवीत. हे जुळल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचं नाही. सळईच्या पायात भोक आधी लहान पाडतात, मग रीमरने बोल्टच्या मापाला आणतात. बोल्ट सैल राहिला तर प्रत्येक उतरण्यागणिक पाय कणभर फिरतो आणि भोक लांबट होत जातं. पोलादावरचा साधा ओरखडाही घातक, कारण तडा तिथूनच सुरू होतो. शेवटी वजन टाकून पुन्हा मोजायचं. भार आला की पाय फाकतात आणि चाकांची दिशा बदलू शकते.

घरी विमान बांधण्याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांचं. कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. 2016 मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली, 2019 मध्ये उड्डाण चाचणीचा परवाना मिळाला आणि 2020 मध्ये ते धुळ्याला उडालं. गच्चीवर सांगाडा उभा राहतो, इंजिनही फिरवून पाहता येतं. धावपट्टीवरची धाव मात्र तिथे मिळत नाही. नव्या विमानाची पहिली परीक्षा जमिनीवरच होते, आणि ती द्यायची पायांनी.

म्हणून घरी विमान बांधायचं मनात असेल, तर इंजिनाच्या आधी चांगला ओळंबा विकत घ्या.