दुपारची वीज स्वस्त, दिवेलागणीची महाग

शेतकरी बंधूंनो, बाजार समितीतला कांद्याचा लिलाव आपल्याला नवा नाही. विजेचाही असाच लिलाव रोज होतो, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. परवा एका गावी ग्रामसभा आटोपल्यावर एक गृहस्थ कागद घेऊन आले. "सौर प्रकल्पाला जमीन द्या. ठरीव भाडे कशाला, उत्पन्नात वाटा घ्या. एक्स्चेंजवर युनिटला दहा रुपये मिळतात," असा त्यांचा आग्रह. सरपंचांनी कागद माझ्या हाती दिला. दहाचा आकडा खोटा नव्हता, पण तो कोणत्या वेळचा हे कुठेच लिहिले नव्हते.

वीज एक्स्चेंज आपल्या देशात २००८ साली सुरू झाले. तिथे उद्याच्या विजेचा लिलाव आज होतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागाचा दर वेगळा निघतो. विकणारे आणि घेणारे आपापला दर व युनिट गुपचूप संगणकावर कळवतात. सर्वांत स्वस्त वीज आधी उचलली जाते, मग तिच्या वरची. जिथे गरज भागते, तिथला दर सगळ्यांना लागू. बाजार समितीत तुमच्या ढिगाला तुमचा भाव असतो, इथे सगळ्या ढिगांना एकच.

समजा, सौरवाला १०० युनिट २ रुपयांनी द्यायला तयार आहे, कोळशाचे केंद्र १०० युनिट ४ रुपयांनी आणि गॅसचे १०० युनिट ७ रुपयांनी. दुपारी गरज १५० युनिटची. सौरची सगळी वीज गेली, कोळशाची निम्मी गेली, दर ठरला ४ रुपये. दोन रुपये मागणाऱ्या सौरवाल्यालाही चारच मिळाले. संध्याकाळी सूर्य मावळला. गरज तीच १५० ची, पण सौर नाही. आता ५० युनिट गॅसचे घ्यावे लागतात आणि दर होतो ७. तो घ्यायला सौरवाल्याकडे मालच नाही! कांदा चाळीत ठेवून भावाची वाट पाहता येते. वीज तयार होते त्याच क्षणी खपावी लागते. बॅटरीत साठवता येते, पण तो खर्च वेगळा.

दहा रुपयांची गोष्ट अशी. मार्च २०२२ मध्ये टंचाईत काही वेळा दर २० रुपयांपर्यंत गेले. तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने आधी १२ आणि २०२३ मध्ये १० रुपयांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे दहा हा छपराचा आकडा, रोजचा नव्हे. तो लागतो तोही बहुधा दिवेलागणीनंतर किंवा रात्री.

म्हणून प्रकल्पाची किंमत काढताना दिवसाची सरासरी धरू नये. वरच्या उदाहरणात दोन्ही दरांची सरासरी साडेपाच येते, सौरवाल्याच्या हाती चार. हजार युनिटांमागे दीड हजार रुपयांचा फरक! आणि जसजसे सौर प्रकल्प वाढतील, तसतसा दुपारचा दर आणखी खाली येण्याचा संभव आहे.

आपल्या रात्रीच्या पाण्याचाही याच्याशी संबंध आहे. पूर्वी रात्री मागणी कमी आणि कोळशाचे संच बंद करता येत नसत, म्हणून शेतीला रात्री वीज. बॅटरी हातात धरून, साप-विंचू चुकवत दारे धरली ती त्यापायी. आता दुपारी वीज मुबलक, म्हणून शेतीचे फीडर दिवसा चालवण्याकडे कल आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ ठरवली होती. तिथली वीज महावितरण ठरलेल्या दराने घेते. एक्स्चेंजच्या चढउताराची झळ जमीनमालकाला लागत नाही. उत्पन्नातला वाटा घेतला, तर ती झळ आपल्या अंगावर येते.

सरपंचांनी त्या गृहस्थांना सकाळी दहा ते दुपारी चारचे, महिनावार दर मागितले. आठ दिवसांत तक्ता आणतो म्हणून ते गेले. करार अजून झालेला नाही.