नळ सोडून थेट गटारात

वसई-विरारचं बरंचसं पाणी सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून येतं. मोठ्या दाबाची जलवाहिनी, गल्लीतले बारीक पाइप, घरातले नळ आणि शेवटी गटार, असा त्याचा प्रवास. आता समजा, कुणी जलवाहिनी सरळ गटारालाच जोडली तर? घरं कोरडी राहतील (त्याची आपल्याला सवय आहेच!) आणि हलक्या बांधणीचं गटार फुटेल.

मेंदूभोवती असंच घडू शकतं. धमनीतलं रक्त जोरात येतं. केशवाहिन्यांच्या जाळ्यात त्याचा दाब उतरतो आणि मग ते पातळ भिंतीच्या शिरांमधे शिरतं. मेंदूवरच्या ड्यूरा नावाच्या जाड आवरणात कधीकधी केशवाहिन्या वगळून धमन्या थेट शिरेला जोडल्या जातात. हा फिस्टुला. बहुधा तो जन्मजात नसतो, मोठ्या वयात तयार होतो. नाडीच्या ठेक्यावर कानात ‘हुश्श-हुश्श’ ऐकू येणं ही त्याची एक खूण. कानात मळ असेल म्हणून ती सोडून देऊ नये. रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरांमधे उलटं शिरलं, तर त्या फुगतात आणि फुटूही शकतात.

आपल्याला वाटेल, धमन्या बांधल्या की काम झालं. पण जोड शिल्लक असेल तर आजूबाजूच्या दुसऱ्या धमन्या तिकडे वळतात. म्हणून कवटी उघडून, शीर आवरणातून बाहेर पडते तिथेच तिला क्लिप लावून कापतात. पुष्कळदा कवटी उघडावीही लागत नाही. मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन घट्ट होणारं द्रव्य सोडतात. मात्र तेही शिरेच्या सुरुवातीपर्यंत पोचायलाच हवं.

मेंदूच्या आत रक्तवाहिन्यांचा गुंता असेल, ज्याला एव्हीएम म्हणतात, तर क्रम नेमका उलटा. आधी धमन्या, मग गुंता, मुख्य शीर सर्वांत शेवटी. ती आधी बंद केली तर रक्ताला वाट उरत नाही आणि गुंता मऊ मेंदूतच फुटतो. फिस्टुलाचा जोड चिवट आवरणात असतो, म्हणून तिथे शीर आधी बंद केलेली चालते.

काम पुरं झालं की नाही हे अँजिओग्राफीत कळतं. लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मधे शोधलेली ही तपासणी. धमनीत सोडलेलं औषध एक्स-रेत आधी धमन्यांमधे आणि काही सेकंदांनी शिरांमधे दिसायला हवं. शीर धमनीबरोबरच उमटली, तर जोड अजून उघडा आहे.